कानशीला दाद न देणारा नारळ

बोर्लीच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला नारळांबरोबर डोकीही फुटत. दर्याला पहिला नारळ कोणी द्यायचा, हे नारळावर नारळ आपटून ठरे. ज्याचा फुटला तो हरला. हा मान हरेश्वरच्या वडिलांचा. ते वारले आणि काळूरामने तो हिसकावला, वर हरेश्वरच्या धाकट्या भावाचे पुढचे दातही पाडले. "औंदा मान घरात आन, न्हायतर तोंड दाखवू नको," आई सोनूबाईने बजावलं.

हे अठ्ठावन्न सालचं. हरेश्वर मुंबईला एका कारखान्यात लोखंडाचा कठीणपणा मोजायला होता. यंत्र पोलादी गोळी ठरलेल्या भाराने लोखंडावर दाबी, हा भिंगातून खळगा मोजी. खळगा मोठा, तर लोखंड मऊ. घाई असली की नुसती कानस फिरवायची. घसरली, तर माल कठीण. या विद्येची अशी चटक लागली होती, की घरी आला तरी बायकोच्या भाकरीवर अंगठा दाबून बघे आणि बोलणी खाई.

पौर्णिमेसाठी गावी आल्यावर बोर्लीच्या बाजारात त्याने टोपलीभर नारळांवर कानस चालवली.

"नारळ घेतोस का त्याची दाढी करतोस?" बागवाला खेकसला.

एका नारळावर मात्र ओरखडाच उठेना. तो त्याने उचलला.

किनाऱ्यावर काळूरामच्या पहिल्याच तडाख्याला हरेश्वरच्या त्या नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या. हरेश्वरने काळूरामचा नारळ ओढून घेतला, कानस ओढली. खोल चर पडला.

"बघा! याचा मऊ हाय! माजाच कठीण व्हता!"

"व्हय रे बाबा, तुजा कठीण. माजा आख्खा!"

किनारा खदखदून हसला. धाकट्याने काळूरामच्या नाकावर ठोसा हाणला आणि वल्ही उठली. कोणाचा कान फाटला, कोणाचं मनगट मोडलं. काळूरामचं वल्हं हरेश्वरच्या टाळक्यात बसलं. तेवढ्यात सोनूबाई कोयता परजत आली. "लबाडी केली मेल्यानं!"

टाळक्यातलं रक्त डोळ्यांत उतरलेल्या हरेश्वरला तेव्हा कुठे कारखान्यातली छिन्नी आठवली. पाणी जास्त दिलेली, म्हणजे तापवून एकदम गार केलेली छिन्नी कानशीला दाद देत नाही, पण पहिल्या घणाला तुटते. कठीण वेगळं, चिवट वेगळं. त्याने आईचं मनगट धरलं.

"आये, लबाडी न्हाय. मीच चुकीचा नारळ निवडला. मान त्याचाच."

काळूरामने वल्हं टाकलं, नाक पुसलं आणि नारळ घेऊन तो पाण्यात उतरला. सोनूबाई त्याच्याकडे पाठ करून लेकाच्या जखमेत हळद दाबत राहिली. गरजेपेक्षा जरा जोरातच.