ऑनोरा स्कॅलीचे मार्चमधले बटाटे

पृथ्वीच्या दक्षिण अंगाला, आमच्या अरेको नदीच्या पट्ट्यात कुठल्याही मेंढवाड्यावर जाऊन विचारा, निम्मे लोक ऑनोरा स्कॅलीच्या पोटचे नाहीतर तिच्या लेकी-सुनांच्या नात्यातले निघतील. नऊ पोरं, एकोणपन्नास नातवंडं, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेली तीही दुपारी पोटभर जेवून. म्हातारपणी दारात खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्याला आधी "जेवलास का?" विचारायची, नाव मागाहून. अशी बाई. पण हीच बाई एकदा या मातीवर थुंकून परत निघाली होती, आणि कारण काय, तर एका सकाळी काळी पडलेली बटाट्याची पानं. चूक तिचीच होती म्हणा. पण अशी चूक आमच्या आयरिश लोकांनीच करावी, दुसऱ्या कुणाची प्राज्ञा नाही.

ऑनोरा आली अठराशे बावन्नच्या जानेवारीत, वीस वर्षांची. नवरा मॅलकी दोन वर्षं आधी येऊन एका जमीनदाराची मेंढरं वाट्यानं राखत होता. राहायला मातीचं खोपट, चुलीत घालायला वाळलेल्या शेण्या, आणि जेवायला तिन्ही त्रिकाळ मटण. लोक मटणाला कंटाळतात असा देश तिनं जन्मात पाहिला नव्हता. तरी तिचं मन काही थाऱ्यावर नव्हतं. तिकडं मायदेशी, वेस्टमीथमध्ये तिची आई जुडिथ दिराच्या घरी एका कोपऱ्यात दिवस ढकलत होती. दुष्काळात बटाट्यावर करपा पडला, त्यात बाईचा नवरा गेला आणि तीन पोरं गेली. उरली एकटी ऑनोरा. निघताना आई तिला म्हणाली होती, "मी येईन गं. समुद्राची मला भीती नाही. पण तिकडं बटाटा निरोगी येतो हे आधी तुझ्या डोळ्यांनी बघ, तुझ्या हातानं काढ, मग मला बोलव. एका करप्यातून उठून दुसऱ्या करप्यात मी यायची नाही."

तेव्हा ऑनोराला जमीन नको होती, मेंढरं नको होती. तिला एक बटाट्याचं पीक हवं होतं. बोटीवर माणशी मिळायचे त्यातले तीस बटाटे तिनं खाल्लेच नाहीत. रोज एकेक हुंगून बघायची आणि पुन्हा फडक्यात बांधून ठेवायची. बरोबरचे लोक म्हणाले, बाई येडी आहे. असेना का.

आता आमच्यात बटाटा जमिनीत जातो तो संत पॅट्रिकच्या दिवशी, सतरा मार्चला. का, हे कुणी विचारत नाही. आपण लग्नात उजवा पाय आधी का टाकतो, तसंच. तिकडं तो दिवस म्हणजे थंडी सरून जमीन ऊब धरण्याचा. इकडं ऋतू उलटे, मार्च म्हणजे झाडांची पानं पिवळी पडायला लागतात. मॅलकीनं इथल्या दोन थंड्या काढल्या होत्या, त्यानं जरा घसा खाकरून पाहिलं.

"अगं, आता इथं हिवाळा तोंडावर आलाय."

"मग संताला ते ठाऊक नाही?"

"संत कधी आलाय इकडं?"

"तुझी जीभ झडली नाही अजून, नशीब समज. फावडं आण."

मॅलकीनं फावडं आणलं. आणि खरं सांगायचं तर, पहिल्या वरंब्यात बटाट्याची फोड पडली तेव्हा त्यानंही टोपी काढून हात जोडले. शेवटी तोही आमच्यातलाच.

शेजारीण होती दोन्या फेलिसियाना (दोन्या म्हणजे इथल्या भाषेत बाईसाहेब), इथलीच, जन्मापासून याच मैदानातली विधवा. शेजारीण म्हणजे घोड्यावर अर्ध्या तासावर. ती आली, खोगिरावरूनच वाफे बघितले आणि हसता हसता तिला ठसका लागला.

"काय गं इंग्रजीणबाई, थंडीत माती उबवतेस होय?"

"मी इंग्रज नाही," ऑनोरा म्हणाली. इथली भाषा तिला येत होती ती एवढीच, पण हे वाक्य तिनं पहिल्या आठवड्यातच पाठ केलं होतं.

"बरं बाई, नाहीस. पण आडमुठी आहेस."

तरी बटाटे उगवले. एप्रिलात हिरवेगार, मेमध्ये गुडघ्याएवढे. ऑनोरानं दोनदा मातीची भर दिली, मेंढरं शिरू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण घातलं. पाद्रीबाबा घोड्यावरून फेरीला आला की आईला पत्र लिहून घ्यायचं, हे तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. फेलिसियाना पुन्हा आली तेव्हा ऑनोरा कुंपणाशी कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. म्हातारी आपला माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, नळीनं चोखत राहिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती बाहेर आली तर सगळं मैदान पांढरं. उन्हं वर आली, पांढरं वितळलं, आणि वाफ्यातला पाला काळाठिक्कर. पानं लुळी पडून देठाला चिकटलेली. हात लावला तर बोटाला काळं पाणी लागलं.

हे तिनं पाहिलं होतं. चौदा वर्षांची असताना, अगदी असंच, रातोरात. ती वाफ्यातच खाली बसली. मॅलकी धावत आला तर म्हणते कशी, "आला बघ. माझ्या पाठोपाठ आला. मीच आणला तो त्या तीसांतून." मॅलकीनं फावडं उचललं तर तिनं त्याचा हात धरला. "खणायचं नाही. खाली काय असतं ते मला माहीत आहे. त्या घाणीत मी हात घातलेत, मॅलकी. पुन्हा नाही घालणार." तीन दिवस तिनं त्या बाजूला पाहिलं नाही. चौथ्या दिवशी कपडे गोधडीत बांधले. आईला इथं बोलवायचं नाही, आणि जिथं आईला बोलवता येत नाही तिथं राहायचं कशाला? मॅलकी बिचारा उंबऱ्यात बसून नुसता टोपी चुरगाळत होता. कळपाचं काय, वाट्याचं काय, त्यानं एका शब्दानं विचारलं नाही.

फेलिसियाना आली ती अंडी घेऊन. गाठोडं पाहिलं, मॅलकीचं तोंड पाहिलं, आणि वाफ्याकडं गेली.

"कोण मेलं?"

"बटाटा," मॅलकी म्हणाला. "रोग पडला."

"कसला रोग? हिव पडलं की त्या रात्री, सगळं पांढरं झालं ना? माझा भोपळ्याचा वेलही असाच काळा झाला. मार्चात लावलात तर दुसरं काय होणार, कपाळ?"

ऑनोराला अर्धंच कळलं. पण म्हातारीनं कमरेचा सुरा काढून वरंब्यात खुपसला ते तिला नीट कळलं. गाठोडं टाकून ती धावली आणि तिनं सुऱ्यावर हात ठेवला. फेलिसियाना थांबली. पोरीच्या तोंडावर भीती बघून म्हातारीची थट्टा कुठल्या कुठं गेली.

"पोरी," ती हळू म्हणाली, "खाली कुजलं असेल तर वास येईल. येतोय का तुला?"

येत नव्हता. मातीचा वास होता, थंड, स्वच्छ. ऑनोरानं सुरा बाजूला सारला आणि दोन्ही हात वरंब्यात घातले. कोपरापर्यंत. पहिला निघाला तो लिंबाएवढा. तिनं तो झग्याला पुसला, हुंगला, दातांनी फोडला. आत पांढराशुभ्र. दुसरा पांढरा. तिसरा पांढरा. मग काही तिला थांबवणं शक्य नव्हतं. सगळा वाफा तिनं हातांनी उकरला. हसतेय की रडतेय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. थंडीनं वाढ खुंटलेले, बारके, सुपारीएवढे पुष्कळ, पण डाग म्हणून एकावर नाही. त्या दुपारी तिनं ते मीठ घालून उकडले आणि फेलिसियानाच्या पुढं मानाचं पान वाढलं.

"यासाठी गाठोडं बांधलंस?" म्हातारी चावत म्हणाली. "चव म्हणून नाही याला."

"तुम्हाला नाही कळायचं, दोन्या," ऑनोरा म्हणाली आणि तिच्या पानात आणखी चार टाकले.

पाद्रीबाबानं पत्र लिहायला कागद काढला, ख्यालीखुशाली विचारायला लागला. ऑनोरानं त्याला थांबवलं. "एवढंच लिहा. आई, मी हातानं काढले, निरोगी आहेत, ये."

जुडिथ आली पुढच्या वर्षी डिसेंबरात, बैलगाडीत बसून, हाडांची मोळी. तोवर ऑनोरा शहाणी झाली होती. बटाटे ऑगस्ट संपता संपता लावले होते आणि वाफे भरून पडले होते. (सतरा मार्चला मात्र ती मरेपर्यंत एक फोड मातीत पुरायची. संताला वाईट वाटू नये म्हणून.) मॅलकीनं सासूसाठी अख्खं कोकरू भाजायला घातलं होतं, दोन्या फेलिसियाना नवी शाल घेऊन आली होती. जुडिथनं लेकीला मिठी मारली, कोकराकडं बघितलंही नाही. "कुठं आहेत?" एवढंच विचारलं.

वाफ्यात गुडघे टेकून तिनं स्वतः उकरलं. एकेक बटाटा काढून नाकाशी धरला, डोळे मिटून, बराच वेळ. त्यातले तीन तिनं वेगळे काढले आणि ओळीनं गवतावर ठेवले.

"हा टोबियसचा," ती म्हणाली. "हा विनीचा. हा धाकट्या फिनिअनचा."

सहा वर्षांत त्या गेलेल्या लेकरांची नावं तिच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. मग तिनं झग्याचा ओचा केला, बाकीचे सगळे त्यात भरले, आणि लेकीचा हात धरून उभी राहिली.

"हे शिजव, ऑनोरा," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."