निवासमंडपाचा पडदा

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत खोपोलीत आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम नऊ घरं. बहुतेक पुरुष वीजघरात कामाला, माझे यजमानही तिथंच. रविवारची उपासना एका रिकाम्या क्वार्टरमध्ये व्हायची. तिथं नवा कारकून राहायला आला आणि आमची जागा गेली. तेव्हा शिळफाट्याच्या एका शेतकऱ्यानं भाताची झोडणी उरकल्यावर आपलं खळं देऊ केलं. "पावसाच्या आदी उचला म्हंजे झालं," एवढीच त्याची अट.

आमचे थोरले पंच, वीजघरातले जुने फिटर, यामुळे भलतेच खूश झाले. मिसर म्हणजे इजिप्त देश सोडून रानातून चाललेल्या इस्राएल लोकांकडे देवानं देऊळ मागितलं नव्हतं, तंबू मागितला होता. लोक निघाले की तो गुंडाळायचा, लोक थांबले की त्यांच्या मधोमध उभा करायचा. त्याचं नाव निवासमंडप. देव माणसांत राहायला येतो, एवढाच त्याचा अर्थ, आणि बेघर मंडळीला तो ऐकून फार धीर आला. पण पंचांचा जन्म मापं घेण्यात गेलेला. त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून खांब, दोऱ्या, पडदे, सगळं कागदावर उतरवलं. जागा लहान, म्हणून दर माप निम्मं धरलं.

शिवणयंत्र माझ्याकडे, तेव्हा शिवण माझ्याच गळ्यात पडली. छपराला जुन्या ताडपत्र्या मिळाल्या. मूळ मंडपात सर्वांत आतली खोली पडद्याआड असे आणि तिथं वर्षातून एकदा फक्त मुख्य याजक जाई. पुढं यरुशलेमेत देऊळ बांधलं तेव्हा तिथंही असाच पडदा लावला. तो पडदा निळा, जांभळा आणि किरमिजी. कापड कंट्रोलवर, मोजूनमापून मिळायचं, रंगाची निवड कुठली? मी माझं लग्नातलं निळं लुगडं काढलं, शेजारणींनी बाकीचे रंग दिले. दहा दिवस खपून पट्ट्या जोडल्या. पडदा टांगला तेव्हा सगळे बघत राहिले आणि मी उगाच लाजल्यासारखं केलं. खरं तर मला गर्व झाला होता.

पंचांनी पडद्याआड प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एक भाकर वाटून खायचं, मेज मांडलं. बाप्तिस्मा झालेल्यांनीच आत यायचं. बाहेर दोरी बांधून अंगण केलं, ते बाकीच्यांसाठी.

बाकीची अशी एकच होती. डोंगरातल्या कातकरवाडीतून मोळी विकायला येणारी एक बाई दोन वर्षं आमच्या दाराशी बसून गाणी ऐकायची. तिला बाप्तिस्मा हवा होता. कर्जतहून महिन्यातून एकदा येणाऱ्या उपदेशकांनी ईस्टरचा दिवस ठरवला. त्या सकाळी पाताळगंगेत तिचा बाप्तिस्मा झाला. आता तिला आमच्यासोबत भाकर घ्यायची होती. मंडपाशी आलो आणि पंच म्हणाले, "हिला अजून पुष्कळ शिकायचं आहे. वर्षभर अंगणात बसू दे. हिची भाकर बाहेर नेऊन देऊ."

उपदेशक तरुण, पंचांपुढे बिचकायचे. ते खाली बघू लागले. माझं डोकं तापलं. अस्पृश्य म्हणून दाराबाहेर उभं करून वरून टाकलेलं अन्न आमच्या सगळ्यांच्याच आईबापांनी ओंजळीत घेतलं होतं. हे पंचांना मी सांगायला हवं होतं का? पण पडदा माझ्या हातचा होता, आणि लाज वाटते सांगायला, मीही गप्प बसले.

बाई मात्र गप्प बसली नाही. भांडायचा सूर नव्हता तिचा, खरंच विचारत होती. "बाबा, शुक्रवारी तुमीच वाचलं ना, येशू मेला तवा देवळातला पडदा वरून खालपर्यंत फाटला? मंग हा परत कोनी शिवला?"

उत्तर माझ्याकडेच होतं.

"मी शिवला गं," मी म्हटलं.

पिशवीतली कातर घेऊन मी आत गेले आणि मधली शिवण धरली. फाडायला जीव होईना, कापड चांगलं होतं, म्हणून उसवायचं ठरवलं. पण पडद्याच्या वरच्या कडेला माझा हात पोचेना. मी टाचा उंचावून धडपडत होते, तोच मागून पंच आले. काठी घेऊन मला घालवतील असं वाटलं. ते माझ्याकडे न बघता स्टुलावर चढले, पडदा सोडवून खाली घेतला आणि त्याचं एक टोक ताणून धरलं. त्यांचे डोळे भरले होते. मी टाका टाका तोडत गेले.

मेज उघड्यावर आलं. उपदेशकांनी तांदळाची भाकरी मोडली, आम्ही सगळे भोवती बसलो, बाई माझ्या शेजारी. मला वाटलं, आत्ता हा खरा निवासमंडप झाला. तिच्या हातावर तुकडा पडला आणि ती सवयीनं उठून बाहेर निघाली.

पंचांनी हात आडवा धरून तिला थांबवलं. "बस गं बाय," ते म्हणाले, "इथंच खा."