डब्यातला रातांबा

भिकाजी गोताडांनी एसटीत वाहक म्हणून रत्नागिरी–गुहागर मार्गावर अख्खी नोकरी काढली आणि एकच तत्त्वज्ञान घेऊन निवृत्त झाले: तिकीट जिथपर्यंतचं, तिथं माणसानं उतरावं. फंड हातात आला तेव्हा त्यांनी कुवारबावला एक छोटा फ्लॅट घेतला. भाडं येईल, म्हातारपण निघेल, असा बेत. मग तो फ्लॅट दोन वर्षं कुलूप लावून ठेवला.

कारण होतं कूळ. गोताडांची हातखंब्याजवळची जमीन मूळची खोतांची. भिकाजींचे वडील काशीराम ती कसायचे. कसेल त्याची जमीन हा कायदा आला, काशीराम जागचे हलले नाहीत आणि सातबाऱ्याला कूळ म्हणून त्यांचं नाव लागलं. चौकशीला आलेल्या साहेबांना त्यांनी बांधावरचा रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, दाखवला होता, मी लावलेला म्हणून. एका जागी चिकटून राहिलेला माणूस काय करू शकतो, हे भिकाजींना कोणी शिकवायला नको होतं. ते त्याच जमिनीच्या भातावर वाढले होते. त्यांना भीती वाटे ती एकाच प्रकारच्या माणसाची, आणि तो प्रकार त्यांच्या वडिलांचा होता.

बंद फ्लॅटला ओल आली, चौकटीला वाळवी लागली. पुतणी राजश्री वकिलाकडे काम करायची. ती सांगून थकली की कूळ शेताला लागतं, फ्लॅटला नाही. करार नोंदवा, अनामत घ्या, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्या. भिकाजींनी मान डोलावली आणि कागद सोडून सगळं केलं. लिहिलं की नाव लागतं, ही त्यांची पक्की समजूत.

कागदाऐवजी त्यांनी स्वतःचा कायदा काढला. दर अकरा महिन्यांनी भाडेकरूने एक रात्र बाहेर जायचं. त्या रात्री भिकाजी तिथे दिवा लावून झोपणार, म्हणजे वहिवाट तुटली. शिवाय खुंटीवर त्यांचा खाकी सदरा आणि कोयती कायमची टांगलेली, ताबा मालकाचाच आहे हे भिंतीलाही कळावं म्हणून.

भाडेकरू मिळाली योगिनी, इस्पितळात परिचारिका, सोबत लांज्याची सासू तुळसा. पहिल्या खेपेला दोघी मुकाट मैत्रिणीकडे जाऊन आल्या. दुसरी खेप आली त्याच आठवड्यात तुळसा न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला उचलून कुठे न्यायची, हे योगिनीने फोनवर विचारलं. भिकाजी म्हणाले, बघतो. आणि संध्याकाळी वळकटी घेऊन हजर झाले.

तुळसा पलंगावर होती. भिकाजींचं लक्ष मात्र गॅलरीत गेलं. तेलाच्या डब्यात हातभर रोप होतं. रातांब्याचं.

"हा कोणी लावला?"

"लावतंय कोण ओ, आपसूक रुजला," तुळसा म्हणाली. "साली सुकवून सोलं केली, बिया टाकल्या डब्यात. जाताना घेऊन जाऊ."

भिकाजींनी डब्यात वाकून पाहिलं. बांधावरचा रातांबाही आपसूकच रुजलेला होता. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं; साहेबांना तेवढं सांगितलेलं नव्हतं. पुढे ते झाड तोडायला खोतांचा माणूस कोयती घेऊन आला होता. ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि तसाच गेला. तो का गेला, याचा विचार भिकाजींनी आजवर केला नव्हता.

योगिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला. ते प्यायले. मग खुंटीवरचा सदरा काढला, कोयती वळकटीत घातली आणि म्हणाले, "बाय, ही खुंटी आता तुमची. कापडं अडकवा."

दुसऱ्या दिवशी ते करार करायला राजश्रीकडे गेले, तेव्हा ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. एवढंच म्हणाली, "काका, उद्या योगिनीने जागा सोडली नसती तर कोर्टात दाखवणार काय होतात, खाकी सदरा?"

करार तीन वर्षांचा झाला, रीतसर नोंदवून, मुदत आणि अनामत सगळं लिहून. भिकाजींनी प्रत्येक पान दोनदा वाचून घेतलं आणि शेवटी एक कलम घालायचा हट्ट धरला. राजश्रीने समजावून पाहिलं, मग टंकलं. योगिनीने गंभीर चेहऱ्याने सही केली. कलम असं आहे: गॅलरीतील रातांबा डब्यातच राहील.

डबा आता लहान पडायला लागलाय. परवा भिकाजी मोठा पिंप घेऊन गेले. पिंप म्हणजे डबाच, असं ते म्हणतात.