स्पिरिटवर जगणारे

आर्वीला शाळेत विज्ञान शिकवायला गेलो तेव्हा दोन शब्द बोलावेत असं गावात माझं कोणी नव्हतं. शाळा सुटली की खोलीवर यायचं, स्टोव्ह पेटवायचा आणि जंतूंकडे बघत बसायचं. हसू नका. एकटा माणूस कशातही जीव गुंतवतो.

हे जंतू कपाशीच्या पानावरचे. वाण्याकडचा चायना ग्रास उकळून काचेच्या बशीत थिजवायचा, त्यात चिमूटभर क्षार घालायचे, खायला म्हणून फक्त मेथिल अल्कोहोलचे थेंब, आणि वर पान हलकेच दाबायचं. माणसाचे डोळे घालवणारं ते लाकडी स्पिरिट, पण काही दिवसांत पानाचा ठसा गुलाबी ठिपक्यांनी उमटायचा. हे पठ्ठे त्याच विषावर मजेत वाढायचे.

एकदा त्या गुलाबी गर्दीत एक ठिपका पांढरा निघाला. मी तो उचलून नळ्यांत वेगळा वाढवला. त्याची पोरं पांढरी, पोरांची पोरंही पांढरी. म्हणजे बदल वरवरचा नव्हता, तो वंशातच उतरला होता. हा पांढरा नागपूरच्या माझ्या जुन्या सरांना दाखवायचा, मग ते मला प्रयोगशाळेत परत घेतील, एवढ्या एका आशेवर मी दिवस ढकलत होतो.

घरमालकीण मावशीही एकट्याच. तरुण मुलगा वारलेला. त्याच्या हार घातलेल्या फोटोविषयी त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. कधीमधी दाराशी येऊन म्हणायच्या, "मास्तर, हे खाते तरी काय?"

मी थट्टेनं सांगायचो, "दारू, मावशी. दुसरं काही दिलं तर तोंड लावत नाहीत."

त्या तशाच मागे फिरून आपल्या खोलीत जायच्या.

मग नाचणगावहून आई आजारी असल्याची खबर आली. नळ्या एसटीच्या धक्क्यांत नेणं शक्य नव्हतं. मावशींना सांगितलं, तपकिरी बाटलीतला एकेक थेंब अधूनमधून नळ्यांत टाका आणि कापसाचा बोळा लगेच परत लावा. बाटलीत विष आहे, जपून, हेही बजावलं. त्यांनी मान हलवली.

आई सावरली. परत येऊन बघतो तर प्रत्येक नळीत दही लागलेलं, आंबट वास खोलीभर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुलाबी जंतू काय, कुठल्याही पानावर मिळाले असते. तो पांढरा पुन्हा मिळणार नव्हता.

"मावशी, हे काय केलंत तुम्ही?"

त्यांनी एक नळी उजेडाकडे धरली. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

"दारू नाई पाजली म्या त्याइले. दूध देल्लं. माह्या पोराची काई सुटली नाई, मास्तर. आधी डोळे गेले, मंग जीव गेला. याइची सुटली, पाहा."

मला रडू येत होतं, आणि ते नेमकं कोणासाठी हेही कळत नव्हतं. मी त्यांच्या हातातली नळी घेतली.

"हो मावशी," म्हणालो, "सुटली."