कानिफनाथचं मद्रासचं बिऱ्हाड

कोल्हारच्या कानिफनाथनं मद्रासला बाई ठेवली आहे, ही बातमी एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडे इतकी पक्की झाली होती की त्या बाईचं नाव तेवढं ठरायचं बाकी होतं. ती सावळी आहे, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या घालते, तिन्ही त्रिकाळ भात रांधते, हे सगळं ठरलं होतं. मद्रास आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं तपशील भरायला जागा भरपूर होती.

आता, पुराव्याशिवाय आम्ही कुणाला बदनाम करत नसतो. दर फेब्रुवारीत हा माणूस भाकरी बांधून घेऊन दौंडला मद्रासची गाडी धरायचा आणि आठवडा-दीड आठवड्यानं परतायचा. फेब्रुवारी म्हणजे उसाच्या हंगामाचं पोट. कारखान्याची तोड पाळीनं येते. तोडकऱ्यांची टोळी एकदा फडात उतरली की मालकानं बांधावर उभं राहायचं असतं, नाहीतर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कुठं जातं आणि बुडखे किती उंच राहतात, याला धरबंध उरत नाही. अशा वेळी हा गायब, आणि बांधावर त्याची बायको राहीबाई, डोक्याला फडकं बांधून. बाईशिवाय दुसऱ्या कशासाठी शेतकरी तोड टाकून जाईल, तुम्हीच सांगा.

दुसरा पुरावा नाकाचा. परत आला की त्याच्या सदऱ्याला जळक्या एरंडेलाचा वास यायचा. राहीबाईनं तो धुताना हुंगला आणि शेजारणीलाही हुंगायला दिला. घरात एरंडेलाची बाटली कधी निघते? बाळंतीण असली की, नाहीतर तान्हं पोर असलं की. प्रवरेच्या काठावर धुणं वाळायच्या आत मद्रासच्या बाईला मुलगा झाला. मुलगी का नाही झाली, ते विचारू नका.

आणि तिसरा पुरावा तर रस्त्यावरचा. आमचं गाव नगर-मनमाड रस्त्यावर. पुंजारामच्या चहाच्या दुकानासमोर मद्रासकडचा ट्रक थांबला की कानिफनाथ हातातली बशी टाकून धावायचा, ड्रायव्हरला तोडक्या हिंदीत काहीबाही विचारायचा. कधी उजळून परत यायचा, कधी तोंड पाडून.

"तान्ह्याला ताप असंल," पुंजाराम हळूच म्हणायचा.

 कानिफनाथ मिशीतल्या मिशीत हसायचा आणि बशी फुंकायचा. ठेवलेल्या बाईच्या गोष्टीला चार लोकांत एक मान असतो. बायका नाक मुरडतात, पण पुरुष जरा सरकून बसायला जागा देतात.

हे असंच चालायचं, पण बहात्तरच्या जानेवारीत त्याच्या पुष्पावतीची सोयरीक निघाली. पुष्पावती एकुलती एक. पुणतांब्याच्या आबासाहेबांचा मुलगा होता, गोदाकाठची जमीन, माणसं भली. मुलगी पसंत पडली, सुपारी फुटायची तेवढी राहिली. तेवढ्यात आबासाहेबांच्या कानावर मद्रास गेलं.

ते ओसरीवर येऊन बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "पाव्हणं, रागावू नका. तुमच्या माघारी हे रान पोरीचं. उद्या मद्रासचा तुमचा पोरगा हिस्सा मागायला आला, तर आमी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

आत चुलीपाशी पुष्पावती होती. भाकरी थापायचा आवाज थांबला.

 कानिफनाथ म्हणाला, "आबासायेब, तिथं मोटारींच्या शर्यती असत्यात. त्या बघायला जातो मी."

अडुसष्ट साली तो एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या ट्रकवर सोबतीला मद्रासला निघाला होता. शहर यायच्या अलीकडं शोलावरम म्हणून जागा आहे, महायुद्धाच्या काळातली विमानांची जुनी धावपट्टी. तिथं ही गर्दी, आणि आतून असा आवाज की आपला ट्रक चालू आहे की बंद, हे कळेना. तो उतरला. एक निळी मोटार, घमेल्यासारखी बुटकी, सगळ्यांच्या मागून येत होती. तिचा गडी कोइमतूरकडचा, मोटार त्यानं स्वतः जोडलेली, असं शेजारच्यानं खुणांनी सांगितलं. ती शेवटूनच दुसरी आली, आणि कानिफनाथचं मन तिथंच राहिलं. तेव्हापासून कलकत्त्याला काय झालं, मुंबईच्या शर्यतीत निळी उतरली का, मोडली का, हे तो वर्षभर ट्रकवाल्यांना विचारत होता.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "शर्यत बघायची तर बैलांची बघा. त्याला आगगाडीत अंग मोडून कशाला जायचं? बरं, पहिली आलेली तरी बघायची. हरणारी मोटार बघायला कोन जातं?"

"पहिलीला बघायला समदेच असत्यात," कानिफनाथ म्हणाला.

हे उत्तर आबासाहेबांना पटलं नाही. खरं सांगायचं तर ओसरीवरच्या कुणालाच पटलं नाही. बाई असती तर पटलं असतं.

तेव्हा राहीबाई उंबऱ्यात आली. "यंदा मी जाते संगं. माझ्या डोळ्यांवर इस्वास ठिवाल का, भाऊ?"

"ठिवीन," आबासाहेब म्हणाले. "सवतीला झाकणारी बाई मी अजून बघितली न्हाई. तुमी या तोवर तुमच्या तोडीवर मी हुबा राहतो."

"आतापासूनच सुनेचं रान राखायला लागलं," पुंजाराम मागाहून म्हणाला; पण आबासाहेब खरंच बांधावर उभे राहिले आणि टोळीला बुडखे जमिनीबरोबर तोडायला लावले.

शोलावरमला राहीबाई कुंपणाच्या बांबूला धरून उभी होती. पहिला तासभर तिनं एकही मोटार पाहिली नाही. ती बायका पाहत होती. दोन्ही नाकपुड्यांत चमकी दिसली की कानिफनाथचं तोंड निरखायची. त्याचं कुणाकडं लक्षच नव्हतं. मग मोटारसायकलींची एक रांग वळणावरून गेली, मागं धूर राहिला, आणि तिनं पदर नाकाला लावला. पुन्हा काढला. नवऱ्याची बाही ओढून हुंगली.

"एरंडेल," ती म्हणाली.

"इंजनात घालत्यात. जळालं की असा वास सुटतो."

 तिनं तो सदरा तीन वर्षं दगडावर आपटून धुतला होता.

दुपारी निळी मोटार वळणावर बंद पडली. गडी उतरला आणि एकटाच ढकलायला लागला. गर्दी पुढच्या मोटारींकडं बघून ओरडत होती. कानिफनाथ मात्र बांबूवर छाती टेकून, जणू आपणच ढकलतोय, असा दात आवळून उभा. गाडी बाजूला लागली तेव्हा त्यानं डोळे पुसले. धुळीनं म्हणाला.

"दर वरसाला हेच?" राहीबाईनं विचारलं.

"व्हय. हेच."

"बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या," ती म्हणाली. "ह्याचं काय धरू?"

आगगाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. पार रायचूर गेल्यावर तिनं विचारलं, "ती निळी पुढल्या साली यील का?" नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. निळीची खबर तो ट्रकवाल्यांना विचारतो, तशी आपली कधी कुणाला विचारली नसेल, असं तिच्या मनात आलं असेल का? मला ती हे कधी बोलली नाही. पण घरी आल्यावर तिनं पहिल्यांदाच तो सदरा दोन दिवस धुवायला घेतला नाही.

आबासाहेब बांधावरून थेट ओसरीवर आले; पुंजारामही तिथं येऊन बसला होता. "मग, काय दिसलं?"

"धूळ आन् धूर," राहीबाई म्हणाली. "येवढा कट्टाळा मला माझ्या लग्नात बी आला न्हवता."

आबासाहेबांनी तिचं तोंड नीट पाहिलं. सवत बघून आलेली बाई इतकी कंटाळलेली नसते, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी सुपारी मागवली. ती फुटल्यावर मात्र ते पुंजारामकडं वळले. "आता येक सांगा. ही बाई काढली कुनी?"

पुंजारामनं कानिफनाथकडं पाहिलं, कानिफनाथनं राहीबाईकडं.

"सांगून टाका," राहीबाई म्हणाली; तिला ते येताना गाडीतच कळलं होतं. "आता पोरगी तर दिली."

मद्रासला कानिफनाथचं कुणी नव्हतं. तोड टाकून कुठं गेला होतास, असं तो पहिल्यांदा आगगाडीनं जाऊन आल्यावर पुंजारामनं विचारलं, तेव्हा मोटारी बघायला गेलो होतो म्हणायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं स्वतःच बाई ठेवली आहे असं सांगितलं होतं.