मानेची गाठ आणि माझं ‘खाली’

“अम्मा, ये टीबी नहीं है. प्रोस्टेट का कैंसर है, गर्दन तक आ गया है,” मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. ह्यांच्या मानेच्या डाव्या बाजूला, हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ होती. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी. तिथला कॅन्सर बहुतेक वेळा हाडांत जातो, मानेत क्वचित दिसतो. ह्यांचा मानेत दिसला.

तोवर हे कित्येक महिने टीबीच्या गोळ्या खात होते. का, ते सांगते.

ह्यांची बँकेतली नोकरी संपली तरी आम्ही लखनौलाच राहिलो. माझी हिंदी चौकातल्या भाजीवाल्यापुरती. चारबागच्या पहिल्या डॉक्टरांनी गाठ दाबून विचारलं, “और कोई परेशानी?” ह्यांना लघवी थेंब थेंब होत होती, पण लाजून गप्प. मग मीच म्हटलं, “इनको खाली तकलीफ है.” मला म्हणायचं होतं, कमरेखाली. हिंदीत खाली म्हणजे नुसतं. डॉक्टर हसले, “खाली तकलीफ ही है न, ठीक हो जाएगी.” आणि मानेची गाठ टीबीची समजून गोळ्या लिहून दिल्या. हिंदी माझी चुकली. पण दोन्ही भाषा येणारा माणूस शेजारीच तोंड मिटून बसला होता.

गोळ्या चालू असतानाच गाठ वाढली. मग मोठ्या इस्पितळात बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. मागच्या वाटेने बोट घालून ग्रंथी पाहिली, ती दगडासारखी लागली. आता ऑर्किडेक्टॉमी, डॉक्टर म्हणाले. म्हणजे दोन्ही अंडकोष काढायचे. तिथलं हार्मोन या कॅन्सरला पोसतं.

हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. “मी बाईमाणूस होऊन जगणार नाही.”

“अहो, मी जन्मभर बाईमाणूसच आहे. मेले का?”

हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, “इस्पितळाचं सामान भर.”

ऑपरेशननंतर गाठ बसत गेली. आता बोटाला लागत नाही. आजार गेलेला नाही, दबलाय. डॉक्टरांनी ते तोंडावर सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार. पुन्हा उठेल तेव्हा बघू. आज हे भाजीत मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडतात.

घरातल्या म्हाताऱ्या पुरुषाच्या मानेला गाठ आली, तर डॉक्टरांना लघवीचंही सांगा. हाताने दाखवा, पण सांगा.

परवा शेजारचे पंडितजी फाटकाशी उभे राहून मानेवरची गाठ दाखवत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच म्हणाले, “भाईसाहब, पेशाब ठीक से उतरता है?”

पंडितजी रस्त्याकडे बघायला लागले. ह्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्याने.