दोन पाचुंदे मटकी

पोरी, जवळ ये जरा. कागदावर का होईना, पण जवळ ये. परवा फोनवर काय म्हणालीस ते मी विसरले नाही. "मावशी, नोकरी लागली खरी, पण पहिलीचा वर्ग दिलाय. तिथं काय शिकवायचं, नुसती नाकं पुसायची." नाकं पुसावी लागतात, त्यात खोटं काही नाही. पण 'नुसती' म्हणालीस ना, ते मला लागलं. इतकी वर्षं मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. माझ्या चुलीच्या आणि पहिलीच्या वर्गाच्या मधे एक खिडकी आहे. त्या खिडकीतून ऐकून ऐकून मी अक्षरं शिकले, म्हणून तर हे तुला लिहितेय. चुका पोटात घाल आणि आमच्या मटकीचं ऐक.

आमच्या वर्गाच्या बाई श्रीरामपूरच्या. कालव्याच्या पाण्यावर, उसात वाढलेल्या. आणि आमचं गाव पडलं जामखेडच्या अंगाला, कोरडं, ज्वारीवर जगणारं. पण बाई गुणाच्या. थंडी पडली की पोरांना घेऊन ओट्यावर उन्हात बसायच्या. सकाळी सावली केवढी, दुपारी केवढी, ते खडूनं आखायचं. वजाबाकी बोरांची. एकदा बाईंनी विचारलं, "पाच बोरं होती, दोन खाल्ली, काय राहिलं?" तर एक जण म्हणाला, "तीन बोरं आन दोन बिया." आता याला चूक म्हणायचं का बरोबर, तूच सांग.

तर त्या वर्गात एक मुलगी होती. ठेंगणी, केस कायम विस्कटलेले. तिचे वडील लोकांच्या कडब्याच्या गंजी रचायला जायचे. जूनपासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीला नुसता हात वर करायची. मुकी नव्हती गं, घरी चुरूचुरू बोलायची. पण शाळेच्या फाटकातून आत आली की कुलूप. तिची आई एकदा मला म्हणाली, "काकू, बोलतच न्हाई तर कशाला धाडायची? दिवाळीपातूर बगितलं. आता संक्रांत झाली की काढते, धाकट्याला तरी सांभाळंल." मी म्हणलं, काढू नको, थांब जरा. पण थांबून काय होणार ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात बाईंनी मोड आणायचं काढलं. प्रत्येकानं मटकीचे दहा दाणे मोजायचे, भिजवायचे, सगळ्यांचे मिळून एका फुलाफुलांच्या रुमालात बांधायचे आणि रोज उघडून बघायचं. थंडीत मटकीला मोड लवकर येत नाहीत, हे तुझ्या आईनं तुला शिकवलंच असेल. म्हणून पुरचुंडी माझ्या खोलीत फळीवर ठेवली. गॅस आला तरी पाणी तापवायला मी चूल पेटवतेच, तिची ऊब. आणि रोज पाणी शिंपडायचं काम बाईंनी मुद्दाम त्या मुलीला दिलं.

ती सुट्टीत यायची. पाणी शिंपडायची, मग पुरचुंडीला तोंड लावून काहीतरी पुटपुटायची. मी मुद्दाम पाठ करून तांदूळ निवडत बसायची. म्हणलं, माणसाशी नाही तर मटकीशी, बोलतेय तर बोलू दे.

तिसऱ्या दिवशी उसळीचा वार. माझी मोठी पुरचुंडी चुलीजवळ गोणपाटात गुंडाळलेली असते. मी गोणपाट सोडलं, तर आत मोठीच्या शेजारी एक चिमुकली. मला वाटलं, आदल्या दिवशी उरलेली मीच बांधली असणार. वय झालं, आठवत नाही, आणि धुरात रुमालावरची फुलंही दिसली नाहीत. दोन्ही सोडल्या, धुतल्या, फोडणीत टाकल्या. रुमाल पिळून दोरीवर वाळत घातला. चांगला बोटभर मोड आला होता म्हणून स्वतःवर खूशही झाले.

जेवायच्या सुट्टीत ती मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. फळीकडे बघितलं नाही तिनं, सरळ गोणपाटाकडं गेली. मग दोरीवरचा रुमाल दिसला. माझ्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं. रडली नाही, पोरी. तांब्या हळूच खाली ठेवला आणि गेली. ताटाला हात लावला नाही.

मग मला उमगलं. फळीवर गार लागत असेल म्हणून तिनंच ती चिमुकली मोठीच्या कुशीत नेऊन ठेवली होती. म्हणजे त्या लेकराला वाटणार, आपल्याचमुळं झालं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आजी, चूक झाली तर पहिलीची मुलं काय करतात? पुन्हा करतात. तुम्हीपण करा." मग मी त्यांच्या घरी गेले. आईच्या हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हणलं, एक दिवस धाड, मला मटकी मोजायचीय आणि मला दाखवणारं कुणी नाही.

ती आली, भिंतीला चिकटून बसली. मी पोरांच्या मधे मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले तशी पोरं हसली. एक म्हणाला, "आज्जी, तुमी पयलीत किती वर्सं नापास?" म्हणलं, "साठ. गप बस आन मोजू दे."

आता मला बाईंसारखं एक, दोन, तीन करत मोजायची सवयच नाही. आम्ही जन्मभर कडबा मोजला. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, पाचुंद्यावर पाचुंदा. तशाच मी दाण्यांच्या ढिगल्या लावल्या आणि म्हणलं, "हे घ्या बाई, दोन पाचुंदे झाले." बाई बघतच राहिल्या. "दोन काय?" त्यांच्याकडं उसाच्या मोळ्या, कडब्याचा हिशेब त्यांना कुठून ठाऊक असणार?

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "आज्जी, दुसरा पाचुंदा चारचाच हाय. एक दाना तुमच्या लुगड्याखाली गेलाय."

मी लुगडं झटकलं, दाणा निघाला.

बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "तुला हे मोजायला येतं?" ती म्हणाली, "येतं की. पयल्या दिवशी काड्या मोजल्या तवा मी म्हणलं, तीन पाचुंदे. तर समदी हसली. तुमीबी हसल्या." बाईंचा चेहरा उतरला. त्यांना आठवतही नव्हतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला येत नव्हतं म्हणून हसले मी. आता तू शिकव."

त्या दिवशी तिनं अख्ख्या वर्गाला पाचुंदे शिकवले, आवाज बसेपर्यंत. नवी मटकी बांधली, तिला मोड आले आणि ती कुणी खाल्ली नाही. संक्रांत होऊन गेली. तिची आई तिला काढायचं बोललीच नाही. उलट मला म्हणाली, "काकू, घरातबी लई शिकवती आता, धाकट्याला वैताग आनलाय."

मागच्या आठवड्यात वर्गाला आमच्या रानात हुरड्याला नेलं. बाई गोवऱ्यांच्या आगटीजवळ बसून कणसं भाजत होत्या आणि ती मुलगी मोजून देत होती, माणशी एक पाचुंदा. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, की माझी भाची तुझ्यासारख्याच पोरांची बाई झालीय. तिनं विचारलं, "त्येंना पाचुंदा येतो का?" म्हणलं, न्हाई बहुतेक. तर तिनं बांधालगतची ज्वारीची पाच ताटं निवडली, त्यांना चिंधी बांधली आणि सगळ्यांना दम दिला की ही कुणी मोडायची नाहीत.

दाणा आठ दिवसांत टणक होईल, मग हुरडा नाही व्हायचा. श्रीगोंद्याहून सकाळची एसटी धरलीस तर दुपारच्या आत पोचशील. ती रोज मला खिडकीतून विचारते. ये गं लवकर.